मिठावरची सव्वादोन मिनिटं

गेले तीन वीकएंड हे लिहीन लिहीन म्हणतोय आणि दर वेळी काहीतरी मध्ये येतंय. एकदा प्रॉडक्शनला आग लागली, एकदा मित्राकडे डोहाळजेवण, आणि एकदा निव्वळ आळस (याला इलाज नाही). आज मात्र सकाळपासून बर्फ पडतोय, खिडकीतून बघावं तिकडे पांढरंच पांढरं, आणि त्यावरून मला ते दुसरं पांढरं आठवलं. मिठाचं.

मी राहतो ते सॉल्ट लेक सिटी. इथून आय-८० वर पश्चिमेला दोनेक तास गाडी हाणली की वेंडोव्हर नावाचं गाव लागतं. अर्धं युटात, अर्धं नेवाडात. नेवाडाच्या अर्ध्यात कॅसिनो, युटाच्या अर्ध्यात शुकशुकाट. त्या गावाच्या अलीकडे बॉनव्हिल सॉल्ट फ्लॅट्स. एके काळी इथे प्रचंड मोठं तळं होतं, ते आटलं, आणि आता उरलाय मिठाचा थर. वडाळ्याची मिठागरं लोकलमधून बघितली असतील ना, त्यातले बांध काढून टाका, आणि मग ते क्षितिजापर्यंत ताणा. झाड नाही, गवताची काडी नाही, सावली तर नाहीच. हिवाळ्यात वर पाणी साचतं, उन्हाळ्यात ते उडून जातं, आणि मागे जमीन अशी सपाट होते की इस्त्री फिरवलीय.

अशा जागेचं माणसाने काय करावं? १८४६ साली बैलगाड्या घेऊन कॅलिफोर्नियाला निघालेला डॉनर पार्टीचा जथा इथे चिखलात रुतला आणि त्यांचे फार हाल झाले. पुढच्या शतकात लोकांच्या लक्षात आलं की अरे, इथे धडकायला काहीच नाही! झालं. १९३५ मध्ये माल्कम कॅम्पबेलने इथेच ताशी ३०१ मैलांचा वेग गाठला, ३०० च्या पुढे गेलेला पहिला माणूस. १९७० मध्ये गॅरी गॅबेलिचची 'ब्लू फ्लेम' नावाची रॉकेटगाडी ताशी ६२२ मैलांनी गेली, म्हणजे हजार किलोमीटरच्या वर. आणि १९४९ पासून दर ऑगस्टमध्ये इथे 'स्पीड वीक' भरतो. घरच्या गॅरेजमध्ये गाड्या बनवणाऱ्यांची जत्रा म्हणा ना. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ती भरवते.

यातलं मला काहीही माहीत नव्हतं. मी २०१८ चा मेकॅनिकलचा बीई. म्हणजे चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स आणि त्यानंतर आजतागायत जावा. आमच्या बॅचच्या साठ जणांतले पंचेचाळीस तरी याच वाटेने गेले असतील, त्यामुळे वाईट वाटायचं कारण नाही, पण वाटतं. बाबा नाशिकला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. मी मेकॅनिकल घेतलं तेव्हा माणूस दोन दिवस हसतमुख होता. कॅम्पसमध्ये आयटीची नोकरी लागली तेव्हा त्यांनी पेढे वाटले, पण "मग ते इंजिनाचं शिकलास त्याचं काय?" हेही विचारलंच.

इथे ऑफिसात आमच्या टीममध्ये एक डेटाबेसवाले गृहस्थ आहेत. वय चौसष्ट. अमेरिकेत सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, तसा मीही मारतो, पण मनातल्या मनात मी त्यांना 'आबा' म्हणतो. तर आबांच्या गॅरेजमध्ये ५०० सीसीची एक जुनी सिंगल सिलिंडर मोटरसायकल आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते मला म्हणाले, चल, दाखवतो काय असतं ते. पिकअपमध्ये मागे बाइक बांधली, पाण्याचे कॅन भरले आणि पहाटे निघालो.

डांबरी रस्ता जिथे संपतो आणि मीठ सुरू होतं तिथे पोचलो, आणि समोर रंकाळा! पावसाचं पाणी साचलेलं, त्यात डोंगरांची प्रतिबिंबं. स्पीड वीक रद्द. चांगलाच पोपट झाला. लांबलांबच्या राज्यांतून ट्रेलरवर गाड्या लादून आलेले लोक तिथे उभे. मला वाटलं आता शिव्याशाप सुरू होणार. तसं काही नाही. एका काकांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात घडीची खुर्ची टाकली आणि बिअर उघडली. आबा म्हणाले, २०१४ आणि २०१५ लाही झालं नव्हतं, पुढच्या वर्षी बघू. एका वर्षाची तयारी, आणि "पुढच्या वर्षी बघू"! आमच्याकडे बिल्ड दहा मिनिटं लेट झाली तर माणसं मेलवर मेल पाठवतात.

२०२३ ला नेमकं त्याच आठवड्यात आमचं रिलीज. असो.

आता थोडा फंडा सांगतो, कारण लोकांना वाटतं ही शर्यत आहे. शर्यत नाहीच ही. शेजारी कोणी नसतं. एक गाडी एका वेळी, सरळ रेषेत. छोटा मार्ग तीन मैलांचा, मोठा पाच. ठरावीक मैलांमध्ये तुमचा सरासरी वेग मोजतात, बस. गाड्यांचे आणि बाइकचे क्लास इतके की यादी वाचताना रेशनकार्डं आठवावीत: इंजिन केवढं, बॉडी कसली, इंधन कुठलं, हवा दाबून आत घालता की नाही. तुमच्या क्लासचा जो विक्रम असेल तो तुमचा प्रतिस्पर्धी. पन्नास सीसीवालाही इथे तितकाच गंभीर चेहरा करून रांगेत उभा असतो. बक्षिसाची रक्कम? शून्य. मिळतो तो रेकॉर्ड बुकमधला एक आकडा.

आणि तोही एका फेरीत मिळत नाही. विक्रमापेक्षा जास्त वेग लागला की गाडी वेगळ्या कुंपणात नेऊन ठेवायची, तिथे मोजून चार तास तिच्यावर काम करायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत पळवायची. दोन्ही फेऱ्यांची सरासरी म्हणजे विक्रम. हा नियम मला फार आवडला. "माझ्या मशीनवर तर चालत होतं" असं म्हणणाऱ्या प्रत्येक डेव्हलपरला आठवडाभर इथे आणून बसवायला पाहिजे (त्यात मीही आलो).

या दोन फेऱ्यांनी भल्याभल्यांना रडवलंय. १९६० मध्ये मिकी थॉम्प्सन चार पॉन्टिॲक इंजिनं बसवलेल्या गाडीतून ताशी ४०६ मैलांनी गेला. जगातला सगळ्यात वेगवान माणूस! पण परतीच्या फेरीत ड्राइव्हशाफ्ट तुटला आणि विक्रम कागदावर आलाच नाही. १९६८ मध्ये त्याने 'चॅलेंजर २' बनवली, तर पाऊस पडून मीठच बुडालं. गाडी पडून राहिली. १९८८ मध्ये मिकीचा खून झाला. त्याच्या मुलाने, डॅनीने, ती गाडी पुन्हा उघडली, नवीन केली आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये इथेच दोन फेऱ्यांची सरासरी काढली: ताशी ४४८.७५७ मैल. गाडी बनल्यापासून पन्नास वर्षांनी. मुलाचं वय तेव्हा साठीच्या पुढे होतं. ही गोष्ट आबांनी मला परतीच्या रस्त्यावर सांगितली, आणि नंतर बराच वेळ आम्ही दोघंही गप्प होतो.

दुसरा माणूस बर्ट मन्रो. 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा २००५ चा सिनेमा मी कॉलेजात असताना डाउनलोड केला होता, आपला कोणीतरी धावपटू असेल म्हणून! निघाला न्यूझीलंडचा म्हातारा, आणि 'इंडियन' हे अमेरिकन मोटरसायकलचं नाव. हा गडी १९२० सालची एक बाइक घेऊन आयुष्यभर तिच्यात सुधारणा करत बसला, पिस्टनसुद्धा घरीच ओतायचा. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्याने इथे ताशी १८३.५८६ मैलांचा विक्रम केला. पुढे त्याच्या मुलाच्या लक्षात आलं की सरासरी काढताना हिशेब चुकलाय. २०१४ मध्ये आकडा दुरुस्त झाला: १८४.०८७. बग फिक्स व्हायला सत्तेचाळीस वर्षं. आमच्या बॅकलॉगलाही थोडी आशा आहे म्हणायची :-)

२०२४ साठी आबांनी मे महिन्यातच विषय काढला. त्यांचा गुडघा कामातून गेला होता. टाकीवर दुमडून बसणं शक्य नव्हतं. म्हणाले, नवशिक्या म्हणून तुझं नाव देतो, बाइक माझी, बसशील तू. मी हो म्हटलं आणि मग रात्री दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडलो. भरायच्या कागदांमध्ये 'मृत्यू' हा शब्द इतक्यांदा होता की मी मोजणं सोडून दिलं. आईला सांगितलं, ऑफिसची पिकनिक आहे, मिठाचं वाळवंट बघायला चाललोय. आई म्हणाली, "खायचं मीठ आहे का ते? थोडं आण." मोठ्या माणसाशी खोटं बोललं की असे साधे प्रश्न फार टोचतात.

तिथली तपासणी म्हणजे आपल्या आरटीओच्या अगदी उलटं काहीतरी. माणसं सत्तरीची, हातात टॉर्च, आणि बाइकचा एकेक नट बघतात. ऑइलचा बोल्ट तारेने बांधलाय का, चेनला कव्हर आहे का, हॅंडलला डॅम्पर आहे का. इंजिन बंद करायच्या स्विचची दोरी मनगटाला बांधायची, म्हणजे तुम्ही पडलात की इंजिन आपोआप बंद. डोक्यापासून पायापर्यंत जाड चामड्याचा सूट. ऑगस्टच्या उन्हात. आम्ही पहिल्या तपासणीत नापास झालो, एका तारेसाठी. आबा निमूटपणे गेले, तार घेऊन आले.

आणि ऊन! खालचं मीठ ते परत वर फेकतं. हनुवटीच्या खाली, कानांच्या मागे, आणि हो, नाकपुड्यांच्या आतसुद्धा सनस्क्रीन लावायचं, असं मला एका आजीबाईंनी सांगितलं. मी हसलो. संध्याकाळी माझं नाक आतून सोललं होतं.

रांगेत साडेतीन तास. छत्रीखाली बाइक, बाइकखाली पुठ्ठा, आणि मी. एवढ्या वेळात मी हिशेब करत बसलो, कारण दुसरं सुचत नव्हतं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट. त्यात या जागेची उंची जवळजवळ महाबळेश्वराएवढी, हवा विरळ, म्हणजे अडथळा कमी पण इंजिनालाही श्वास कमी. आणि मीठ वरून कोरडं दिसलं तरी आत ओलं असतं. मागचं चाक जमिनीपेक्षा जास्त वेगाने फिरत राहतं. मोठ्या गाड्यांमध्ये तर लोक मुद्दाम शिशाचं वजन भरतात, चाकं मिठावर दाबून धरायला. बाकी सगळ्या मोटरस्पोर्टमध्ये माणसं ग्रॅम ग्रॅम वजन कमी करतात आणि इथे वाढवतात! हे सगळं मी दुसऱ्या वर्षाला परीक्षेत लिहिलं होतं. मार्क बरे पडले होते. पण त्याचा अर्थ त्या रांगेत पहिल्यांदा कळला.

आमचं लक्ष्य विक्रम वगैरे नव्हतं. ताशी शंभर मैल. आबांचं म्हणणं होतं की या इंजिनात शंभर आहेत.

स्टार्टरने माझे बंद ओढून बघितले, व्हायझर खाली केला आणि पुढे बोट दाखवलं. आबा कानाशी एवढंच म्हणाले, हँडल आवळू नकोस. मी क्लच सोडला.

सुरुवात फार हळू असते. कोणी सांगितलं नव्हतं. मागचं चाक घसरेल म्हणून थ्रॉटल हळूच पिळायचा, पहिला मैल तर वाटतं आपण गंगापूर रोडने दूध आणायला चाललोय. मग चौथा गिअर, हनुवटी टाकीवर, कोपरं आत. बाजूचा मैलाचा फलक येतो आणि जातो, बाकी काहीच हलत नाही. डोंगर तिथेच, क्षितिज तिथेच, मृगजळ तेवढंच लांब. वेग कळायचा तो फक्त आवाजावरून आणि मागच्या चाकावरून. ते शेपटीसारखं हळूहळू डावीकडे, उजवीकडे जात होतं, आणि हातांना ते पकडून सरळ करायची जबरदस्त इच्छा होत होती. हँडल आवळू नकोस. मी मोठ्याने म्हणत होतो, हेल्मेटच्या आत, मराठीत: सोड, सोड, सोड.

आणि मग शेवटचा फलक गेला. थ्रॉटल कमी केला, ब्रेकला हात लावला नाही, बाजूच्या रस्त्यावर वळलो आणि थांबलो. पाय जमिनीला लावले तर मीठ करकरलं. साधारण सव्वादोन मिनिटं झाली असतील. माझी मांडी थरथरत होती, आणि आजूबाजूला इतकी शांतता की गरम सायलेन्सरची टिकटिक ऐकू येत होती.

वेगाची चिठ्ठी एका ट्रेलरमधून मिळते. साधा कागद, दुकानातल्या बिलासारखा. ९७.३.

आबांनी ती चष्मा वर करून वाचली, घडी घातली आणि मला दिली. मग आम्ही रात्री मोटेलच्या पार्किंगमध्ये कार्ब्युरेटर उघडला, जेट बदलला. मी! हाताला पेट्रोलचा वास, नखांत काळं. वर्कशॉपमधून घरी आल्यावर बाबांच्या हाताला असा वास यायचा, साबणाने धुतले तरी. दुसऱ्या दिवशी परत रांग, परत ऊन, दुपारपर्यंत मार्गावर चरे पडलेले. ९६.८. म्हणजे एवढं सगळं करून आम्ही हळू झालो!

घरी आल्यावर पिकअप तीनदा धुतली. मीठ बोल्टांच्या आटेपर्यंत शिरतं, आज धुतलं नाही तर उद्या गंज. बुटांना चिकटलेलं वाळून पोपडे झालं होतं. ते मी बरेच दिवस झाडलं नाही.

हे मीठही कायमचं नाही म्हणे. गेल्या साठेक वर्षांत थर जवळजवळ एक तृतीयांशाने घटलाय, असं युटा विद्यापीठातल्या भूशास्त्रज्ञांचं मोजमाप आहे. महामार्गाच्या पलीकडे पोटॅश काढतात, त्यासाठी चर खणून खारं पाणी ओढलं जातं. १९९७ पासून काही वर्षं हिवाळ्यात मीठ विरघळवून पंपाने परतही सोडलं, पण थर काही पूर्वीसारखा झाला नाही. दोष नक्की कुणाचा किती, यावर वाद आहेत आणि तिथल्या जुन्या लोकांपुढे तो विषय काढू नये; संध्याकाळ जाते. १९८३ मध्ये जगाचा विक्रम इथून उठून नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात गेला. १९९७ मध्ये ध्वनीच्या पुढे गेलेली 'थ्रस्ट एसएससी'सुद्धा तिथलीच. बॉनव्हिलला उरले ते आबांसारखे लोक.

२०२५ ला आम्ही गेलो नाही. आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. ३ ऑगस्टला रविवार होता. त्या दिवशी स्पीड वीकमध्ये 'स्पीड डीमन' ही गाडी चालवताना ख्रिस रॅश्की यांचा ताबा सुटला आणि त्यात ते गेले. साठ वर्षांचा, मुरलेला माणूस. नवशिका असता तर मी मनाची काहीतरी समजूत घातली असती. मी आबांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, फार चांगली टीम आहे ती. एवढंच.

सोमवारी सकाळी आईचा फोन. बातमी कुठूनतरी फिरत तिच्यापर्यंत पोचली होती, फोटोसकट. "हे तू गेल्या वर्षी गेला होतास तेच का रे पांढरं?"

मी हो म्हटलं. मग काय झालं माहीत नाही, पण वर्षभर पोटात ठेवलेलं सगळं बाहेर आलं. पिकनिक नव्हती. बघायला नव्हतो गेलो. ड्रॉवरमधून ती चिठ्ठी काढून कॅमेऱ्यासमोर धरली. आई काही बोलेना. तिचा चेहरा स्क्रीनवरून गेला आणि पंखा दिसायला लागला. पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज. मग फोन बाबांच्या हातात आला.

त्यांनी चष्मा लावला. "किलोमीटरमध्ये किती?"

"एकशे छप्पन."

"सिंगल सिलिंडर?"

"हो. पाचशे."

"मागचं स्प्रॉकेट किती दातांचं होतं?"

मी सांगितलं. ते म्हणाले, दोन दात कमी करून बघायचं होतं. मी म्हटलं, बाबा, तेवढ्याने भागणार नाही, ९७.३ वरून शंभरला जायचं तर साडेआठ टक्के तरी ताकद जास्त लागते. घनाने वाढते ना. ते म्हणाले, "साडेआठ टक्के काय, हेड उघडलं की निघतात." आणि मग पंधरा-वीस मिनिटं आम्ही फक्त व्हॉल्व्हबद्दल बोललो. एवढं सलग आम्ही याआधी कधी बोललो होतो, मला आठवत नाही.

मधेच आईने फोन हिसकावून घेतला. डोळे लाल. म्हणाली, "ते दात-बित राहू दे. परत जाणार आहेस का, तेवढं सांग."

आबांचा गुडघा आता बरा आहे, पण दुमडून बसण्याइतका नाही. त्यांनी इंजिन उतरवून गॅरेजमधल्या टेबलावर ठेवलंय, हेड उघडून. मागच्या शनिवारी मी तिथे होतो, उद्या परत जाणार आहे.

आईला अजून उत्तर दिलेलं नाही.